डावा हात कुठे गेला : दोन पेट्या, चार चॅनल

१४ जून २०२५, शनिवार

जुन्या स्पीकरची जाळी आज काढली. वूफरच्या कडेचा फोम बोट लावताच काळा चुरा होऊन खाली पडला. शंकूला धरून ठेवायला आता काहीच उरलेलं नाही. ठाण्याच्या दमट हवेत फोमची कड अशीच जाते. नवीन घेताना रबराचीच कड बघायची, हे आधी लिहून ठेवते.

बाबांनी तीस वर्षं भजनी मंडळांना तबल्याची साथ केली. आता मनगट आखडतं, म्हणून वाजवणं कमी आणि ऐकणं जास्त. वर्षभर ते फोनवरच ऐकतायत. परवा म्हणाले, "अगं, यात नुसती उजव्याची टकटक येते. डावा हात कुठे गेला?" फोनच्या नखाएवढ्या स्पीकरमधून डाव्या हाताचा डग्गा निघणार नाही, हे मला माहीत होतं. पण त्यांनी तसं विचारल्यावर गप्प बसवेना.

तेव्हा ठरलं. हॉलसाठी स्पीकरची जोडी घरी बांधायची आणि क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे-वरचे सूर वाटून देणारा भाग, डिजिटल ठेवायचा. नेहमीच्या स्पीकरमध्ये अँप्लिफायर एकच असतो. खालचे सूर वूफरला आणि वरचे ट्वीटरला ही वाटणी पेटीतल्या कॉइल आणि कपॅसिटर करतात. एकदा बसवलं की बदल करायला नवी कॉइल गुंडाळावी लागते. डिजिटलमध्ये वाटणी अँप्लिफायरच्या आधीच, आकड्यांमध्ये होते आणि प्रत्येक ड्रायव्हरला, म्हणजे प्रत्येक वूफरला आणि ट्वीटरला, स्वतःचा अँप्लिफायर मिळतो. दोन पेट्या, चार ड्रायव्हर, चार चॅनल. आकडा बदलला की लगेच ऐकता येतं. म्हणूनच नोंदी ठेवायच्या, नाहीतर कालचा आवाज कशाने चांगला झाला ते आज आठवणार नाही.

२२ जून, रविवार

साडेसहा इंची कागदी शंकूचे दोन वूफर आणि एक इंची रेशमी घुमटाचे दोन ट्वीटर आले. सोबतच्या कागदावरच्या आकड्यांवर विसंबले नाही, स्वतः मोजले. १०० ओहमचा रेझिस्टर, साउंड कार्ड आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, एवढ्यावर काम होतं. एकदा वूफर नुसता मोजायचा. मग मुलांच्या खेळातली माती वजनकाट्यावर १५ ग्रॅम तोलून शंकूच्या मध्याभोवती गोल थापायची आणि पुन्हा मोजायचा. वजन वाढल्याने अनुनाद, म्हणजे शंकू आपणहून थरथरतो तो सूर, किती खाली उतरला, त्यावरून बाकीचं गणित निघतं.

दोन वूफरची सरासरी : अनुनाद ४२ हर्ट्झ, क्यूटीएस (ती थरथर किती आवरली जाते त्याचं माप) ०.४०, व्हीएएस (शंकूच्या लवचिकतेएवढी हवा) २४ लिटर. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी मांडलेल्या पद्धतीने बंद पेटी ११ ते १३ लिटरची निघाली. हवेसाठी भोक ठेवलेली पेटी खाली आणखी जाते, पण मी बंदच पेटी घेतली. बंद पेटीत खालच्या आवाजाचा उतार सावकाश असतो आणि डिजिटल फिल्टरने तो हवा तसा वळवता येतो. डग्ग्याला ते मानवेल असं वाटतं.

क्रॉसओव्हर कुठे ठेवायचा? वूफरच्या हलणाऱ्या भागाचा व्यास १३ सेंमी आहे. आवाजाची तरंगलांबी एवढी आखूड झाली की वूफर समोरच्यालाच ऐकवतो, बाजूला बसलेल्याला नाही. १३ सेंमी म्हणजे साधारण २६०० हर्ट्झ. ट्वीटरचा अनुनाद ९०० ला आहे आणि त्याच्या दुपटीखाली त्याला कामाला लावू नये, म्हणजे १८०० च्या वर. मधला आकडा २०००.

वाटणीचा उतार दर सप्तकाला २४ डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप), लिंकविट्झ-रायली पद्धतीचा. सिगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७६ साली हा विचार मांडला. नावातले रायली म्हणजे ह्यूलेट-पॅकार्डमधले त्यांचे सहकारी रस रायली. यात खुबी अशी की वाटणीच्या ठिकाणी दोन्ही ड्रायव्हर ६ डीबी खाली असतात आणि एकाच फेजमध्ये असतात, म्हणजे त्यांच्या लाटा एकाच वेळी चढतात-उतरतात, त्यामुळे बेरीज बरोबर शून्य डीबीवर, म्हणजे मूळ पातळीवर येते. कागदावर तरी.

२८ जून, शनिवार

लॅमिंग्टन रोड. ठाण्याहून दादर, तिथून पश्चिम रेल्वेची धीमी धरून ग्रँट रोड. पावसात भिजत चार दुकानं फिरले.

आणलेलं सामान : एडीएयू १७०१ चिप असलेला डीएसपी बोर्ड (आवाजाची आकड्यांतली वाटणी हाच करणार), दोन इनपुट आणि चार आउटपुट, म्हणजे नेमका माझ्या कामाचा. टीपीए ३११६ चे दोन अँप्लिफायर बोर्ड, प्रत्येकी दोन चॅनल. त्यांना वीज द्यायला २४ व्होल्टचा एसएमपीएस. शिवाय बोर्डला प्रोग्रॅम द्यायचा यूएसबी प्रोग्रॅमर. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर कॅमिला डीएसपी हे सॉफ्टवेअर चालवावं असा मोह झाला होता. त्यात मोकळीक जास्त आहे. पण बाबांना बटण दाबलं की आवाज यायला हवा, कॉम्प्युटर सुरू व्हायची वाट बघायची नाही. चिपचा बोर्ड बरा.

६ जुलै, रविवार

लाकूड. एमडीएफ सरळ कापलं जातं आणि स्वस्त पडतं, पण पावसाळ्यात त्याची उघडी कड पाणी पिऊन फुगते. १८ मिमी मरीन प्लाय घेतला. पुढच्या फळीतली गोल भोकं वागळे इस्टेटमधल्या एका सीएनसीवाल्याकडून (कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं मशीन) पाडून घेतली, कारण ट्वीटरची चकती फळीत बरोबर ४ मिमी खाली बसायला हवी. ती वर राहिली तर कडेवरून आवाज उडतो आणि वरच्या पट्टीत काटे दिसतात.

बाकी जोडणी लोकमान्य नगरातले सुतारकाका करतायत. मूळचे संगमेश्वरचे. बाहेरचं माप २२ बाय ३४, खोली २८ सेंमी. आतलं १८.४ बाय ३०.४ बाय २४.४, म्हणजे साडेतेरा लिटर. ड्रायव्हर आणि आतली आडवी पट्टी वजा जाता साडेबारा. काकांनी आडवी पट्टी बरोबर मध्यावर लावायला घेतली. मी म्हटलं, मधोमध नको, जरा वर सरकवा, दोन्ही भाग सारखे झाले तर दोन्ही एकाच सुराला थरथरतील. त्यांनी फळीवर बोटाने टकटक केलं, पट्टी सरकवली, पुन्हा टकटक केलं आणि मान हलवली. "दोन वेगळे आवाज येतायत. बरोबर बोलताय ताई."

२० जुलै, रविवार

दोन आठवडे काही झालं नाही. काका म्हणाले, "पावसाळ्यात फेव्हिकॉलला घाई करायची नाय." शिकंज्यातली पेटी चार दिवस तशीच ठेवली. आज सांधे तपासले. आतून सगळ्या कोपऱ्यांना सीलंट फिरवलं आणि उशीत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस भरला, प्रत्येक पेटीत पाव किलो. वूफर दाबून सोडला तर तो सावकाश परत येतो, म्हणजे हवा कुठून सुटत नाही.

बंद पेटीत वूफर मोजला. अनुनाद ७२ हर्ट्झ, क्यू ०.६९. गणिताने हेच सांगितलं होतं. हा आनंद लिहून ठेवण्यासारखा आहे.

२ ऑगस्ट, शनिवार

इलेक्ट्रॉनिक्स एका ॲल्युमिनियमच्या डब्यात बसवलं. पहिल्या दिवशी बोर्डला साधा चाचणी प्रोग्रॅम लिहिला : आत येईल ते चारही आउटपुटवर जसंच्या तसं बाहेर. तारा बरोबर आहेत की नाहीत ते कळावं, एवढ्यासाठी. ट्वीटर अजून जोडलेले नव्हते.

जोडल्यावर ट्वीटरमधून बारीक फसफस ऐकू येऊ लागली. वूफरमध्ये ती कळत नाही, पण ट्वीटर जास्त संवेदनशील आहे आणि नेमक्या त्याच पट्टीत वाजतो. बोर्डांवर अँप्लिफायरचा गेन, म्हणजे आवाज किती वाढवायचा ते, २६ डीबीला लावलेला होता. ट्वीटरच्या बोर्डवर रेझिस्टर बदलून तो २० केला. फसफस आता कान फळीला टेकवल्याशिवाय येत नाही. ट्वीटरला दहा-बारा वॅट पुरतात, त्यामुळे गमावलं काहीच नाही. हे काम सॉफ्टवेअरमध्ये आवाज कमी करून होत नाही, कारण फसफस डीएसपीच्या नंतर अँप्लिफायर वाढवत असतो.

१० ऑगस्ट, रविवार

आजची नोंद लांब होणार, कारण आज पहिल्यांदा क्रॉसओव्हर कानाने आणि माइकने दोन्हीकडून कळला.

पेटी स्टुलावर, हॉलच्या मधोमध, जमीन आणि छत यांच्या मध्यावर. माइक एक मीटरवर. आमचं छत नऊ फुटांवर आहे. जमिनीवरून आणि छतावरून परतलेला आवाज माइकवर साडेपाच मिलिसेकंदांनी उशिरा पोचतो. तेवढ्यात पोचलेलाच आवाज जमेस धरला तर खोली बाजूला पडते आणि नुसता स्पीकर दिसतो. २०० हर्ट्झच्या खालचं यात दिसत नाही, पण २००० साठी चालतं.

आता उशीर. ट्वीटरचा घुमट फळीशी असतो आणि वूफरचा आवाज शंकूच्या खोलातून निघतो, त्यामुळे ट्वीटर दोन-एक सेंटीमीटर पुढे पडतो. डीएसपीत त्याला तेवढा थांबवायचा. ४८ किलोहर्ट्झवर एक सँपल (आवाजाचा एक नमुना) म्हणजे २०.८ मायक्रोसेकंद आणि तेवढ्यात आवाज सात मिलिमीटर जातो. प्रश्न होता किती सँपल.

इथे उलट जोडणीची चाचणी कामी येते. ट्वीटरची धन-ऋण तार डीएसपीतच उलटी करायची. दोघं खरंच एका फेजमध्ये असतील तर २००० ला एकमेकांना पुसून टाकतील आणि आलेखात खोल दरी पडेल. दरी जेवढी खोल, तेवढा मेळ जवळचा. शून्य सँपलला ती ८ डीबी खोल होती. दोनला १७. तीनला ३१. चारला परत १९. सरळ जोडणीत एका सँपलचा फरक आलेखावर जेमतेम दिसतो, पण उलट जोडणीत तो लपत नाही. तीन सँपल म्हणजे २.२ सेंमी. फूटपट्टीने मोजलं तर घुमट आणि शंकूचा तळ यांतलं अंतर जवळपास तेवढंच भरतं.

तार सरळ केली आणि एका गायिकेचा आलाप लावला. आवाज आता दोन जागांहून येत नव्हता, एकाच जागेहून येत होता. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दाराशी उभी राहून ऐकत राहिली.

१७ ऑगस्ट, रविवार

काल दहीहंडी. दिवसभर नौपाड्यापासून चरईपर्यंत ढोल आणि डीजे, मोजमाप अशक्य. म्हणून नुसतं ऐकत बसले होते, लॅपटॉप बॅटरीवर होता. साडेसातला वीज गेली आणि दहा मिनिटांनी आली.

वीज आली त्या क्षणी उजव्या पेटीतून चरचर आवाज निघाला आणि वार्निश जळल्याचा वास आला. धावत जाऊन स्विच बंद केला. उजव्या ट्वीटरचं कॉइल तुटलं, मीटर काहीच दाखवत नाही. डावा वाचला.

कारण लगेच लक्षात आलं. मी आठवडाभर नवा क्रॉसओव्हर प्रोग्रॅमरवरून थेट चिपच्या तात्पुरत्या मेमरीत घालत होते. वीज गेली की ती मेमरी पुसली जाते. वीज आल्यावर बोर्ड स्वतःच्या कायमच्या मेमरीतून प्रोग्रॅम उचलतो, आणि तिथे अजून २ ऑगस्टचा चाचणी प्रोग्रॅम होता : आलेलं सगळं चारही आउटपुटवर. लॅपटॉप बॅटरीवर असल्याने गाणं चालूच होतं. ट्वीटरला आख्खा खालचा आवाज मिळाला. चूक माझी. डिजिटल क्रॉसओव्हरमध्ये ट्वीटर आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये काही नसतं, हे मला माहीत होतं आणि तरी मी तिथे काही ठेवलं नव्हतं.

आजपासून नियम : प्रोग्रॅम बदलला आणि तो ठेवायचा ठरलं, की लिहिणं अडवणारा राइट प्रोटेक्टचा जंपर काढून कायमच्या मेमरीत लिहायचा, वीज बंद-चालू करून बघायचं, मगच ट्वीटरची तार लावायची. आणि ट्वीटरच्या वाटेवर एक कपॅसिटर कायमचा.

२४ ऑगस्ट, रविवार

कपॅसिटर मिळाला स्टेशनजवळच्या मोटार-पंपाच्या सुट्या भागांच्या दुकानात. ३६ मायक्रोफॅरडचा, मोटार चालवायचा, ४४० व्होल्टचा. आत पॉलिप्रॉपिलीनची फिल्म असते, म्हणजे ऑडिओच्या नावाने महाग विकतात त्याच जातीचा. मनगटाएवढा जाड आहे, पण पेटीच्या मागे बसतो. ६ ओहमच्या ट्वीटरबरोबर तो ७४० हर्ट्झच्या आसपास अडवायला लागतो. खालचा आवाज चुकून आला तर बराचसा तिथेच थांबेल आणि डीसी तर पूर्णच.

नवा ट्वीटर जोडला, डाव्याशी मोजून जुळवला. उलट जोडणीची चाचणी पुन्हा घेतली. तीन सँपलला दरी आता १४ च. घाबरले. मग कळलं की कपॅसिटर २००० लाही फेज वीसेक अंश पुढे ढकलतो. वीस अंश म्हणजे सव्वा सँपलहून थोडं जास्त. तेवढा ट्वीटरला आणखी थांबवायला हवा. चारला २४, पाचला २२. खरी जागा दोन्हींच्या मध्ये आहे. चार ठेवले. उरलेल्या अर्ध्या सँपलने सरळ जोडणीत ०.०२ डीबीचाही फरक पडत नाही.

बुधवारी गणपती. मखर हॉलमध्ये, स्पीकर बेडरूममध्ये. काम बंद.

१४ सप्टेंबर, रविवार

पेट्या त्यांच्या जागी आल्या. हॉल चौदा बाय दहा फूट. स्पीकर दहा फुटी भिंतीपाशी, बाबांची खुर्ची समोर गॅलरीच्या दाराशी. स्पीकर भिंतीपासून दूर ठेवावे असं सगळीकडे वाचलं होतं, म्हणून फळी आणि मागची भिंत यांत ९५ सेंमी ठेवले. आईला येता-जाता वळसा पडतो, पण तिने काही म्हटलं नाही.

खालचा आवाज ७२ वरून ५० हर्ट्झपर्यंत ओढला. हेही लिंकविट्झ यांचंच गणित : बंद पेटीचा स्वतःचा उतार फिल्टरने पुसायचा आणि हवा तो उतार त्या जागी ठेवायचा. अगदी खाली ६.३ डीबी जास्त द्यावे लागतात, म्हणजे चौपटीहून जास्त वॅट. शंकू बराच हलतो, पण घरच्या आवाजाला पुरतो.

शिवाय फळी २२ सेंमी रुंद असल्याने ५०० च्या खालचा आवाज पेटीभोवती मागे पसरतो आणि समोर कमी पडतो. तेवढी भरपाई म्हणून ४ डीबी.

बाबांना बसवलं. तबल्याचा एक एकल ठेका लावला. त्यांनी डोळे मिटले, दोन आवर्तनं ऐकली आणि म्हणाले, "डावा हात आला. पण उघडा 'घे' फुगतोय. आणि घिस्सा मारला की मध्येच हरवतो, मग पुढे परत येतो. असं कोणी वाजवत नाही."

२१ सप्टेंबर, रविवार

बाबांचं वाक्य आठवडाभर डोक्यात होतं. आज त्यांचाच डग्गा माइकसमोर ठेवला. त्यांनी उघडा 'घे' मारला : ८४ हर्ट्झ. मग मनगट दाबत घिस्सा : ८४ वरून सूर वर चढत गेला तो ११० पर्यंत. वाटेत तो ९० आणि १०० मधून जातो.

मग खुर्चीवर, बाबांच्या कानाच्या उंचीला, माइक ठेवून स्पीकर मोजले. आलेख बघून अंगावर काटा आला. ८२ ला ७ डीबीचा उंचवटा. ९२ ला ११ डीबीचा खड्डा. ११० ला परत जागेवर. बाबांनी जे जे सांगितलं ते सगळं, त्याच क्रमाने.

८२ चा उंचवटा खोलीचा आहे. चौदा फूट म्हणजे ४.२७ मीटर, त्या लांबीत आवाजाची एक पूर्ण तरंगलांबी ८२ लाच बसते आणि खुर्ची भिंतीजवळ असल्याने दाब तिथे सगळ्यात जास्त. हा कापता येतो. ८२ वर अरुंद फिल्टर, ६ डीबी कमी. लगेच उघडा 'घे' गोळा झाला, सुटसुटीत.

मग ९२. सरळ विचार केला, ६ डीबी वाढवू. वाढवले. वूफरचा शंकू डोळ्यांना दिसेल इतका नाचू लागला आणि खुर्चीवर खड्डा तरीही पुरता भरला नाही. आणखी ३ दिले, तरी थोडा उरलाच. तेव्हा उठले आणि टेपने अंतर मोजलं. फळी ते भिंत ९५ सेंमी. आवाज मागे जातो, भिंतीवर आपटून परत येतो, जाऊन-येऊन १.९ मीटर. ९२ हर्ट्झला ती बरोबर अर्धी तरंगलांबी. परतलेला आवाज समोरच्याला पुसून टाकतो. मी वाढवेन तेवढंच भिंतही वाढवून परत पाठवणार. जे एकमेकांना खातं, त्याला वाढलेलं बरंचसं वायाच.

वाढवलेले सगळे डीबी काढून टाकले.

२८ सप्टेंबर, रविवार

पेट्या भिंतीजवळ सरकवल्या. मागे तारेपुरती ७ सेंमी जागा, म्हणजे फळी भिंतीपासून ३५ सेंमी. पुसलं जाण्याची जागा आता २५० च्या आसपास गेली आणि तिथे पेटी मागे तेवढा आवाज टाकत नाही, त्यामुळे खड्डा जेमतेम ३ डीबीचा. ९२ आपोआप भरलं. एकही फिल्टर लागला नाही.

भिंतीच्या आधाराने खालचा आवाज वाढला, म्हणून आधीचे दोन आकडे उतरवावे लागले. फळीची भरपाई ४ वरून २ डीबी. खालचा आवाज ५० ऐवजी ५५ पर्यंतच ओढला, त्याला ४.७ डीबी पुरतात आणि शंकूला आराम. ८२ चा फिल्टर ६ वरून ५.

५७ ला थोडा खड्डा आहे. खुर्ची खोलीच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर असल्याने तो तिथे राहणार. खुर्ची फूटभर बाजूला घेऊन बघितली, कमी होतो. पण ती जागा बाबांची आहे, तिथे सकाळचं ऊन येतं आणि समोरचा पिंपळ दिसतो. डग्ग्याचा सूर एवढा खाली जात नाही. सोडून दिलं.

आईची येण्याजाण्याची वाट मोकळी झाली.

१२ ऑक्टोबर, रविवार

पहाटे पाचला दोन्ही पेट्या गच्चीवर नेल्या. पाऊस गेल्याने ही एक मोजणी करून घ्यायची होती. घडीच्या शिडीवर दोन मीटर उंच पेटी, तेवढ्याच उंचीवर माइक. जमिनीवरून परतणारा आवाज इथे नऊ मिलिसेकंदांनी येतो, म्हणजे हॉलपेक्षा बरंच खालपर्यंत दिसतं. पहिल्या लोकल सुरू झालेल्या, स्टेशनाकडून धडधड येत होती, म्हणून प्रत्येक मोजणी आठ वेळा घेऊन सरासरी काढली. सहाला कावळे सुरू झाले तेव्हा थांबले.

३०० ते १५००० पर्यंत दोन्ही पेट्या दीड डीबीच्या आत आहेत आणि एकमेकींपासून अर्ध्या डीबीच्या आत. १५ अंश बाजूला बसूनही २००० ला खळगा नाही. सुतारकाकांना हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "भोकं सरळ होती ना?" सरळ होती.

२० ऑक्टोबर, सोमवार

नरक चतुर्दशी. फराळ झाल्यावर बाबांनी कपाटातून एक कॅसेट आणली. १९९३ सालच्या एका सप्ताहातली, त्यांच्याच साथीची. मावसभावाने ती गेल्या महिन्यात कॉम्प्युटरवर उतरवून दिली होती, पण बाबांनी अजून ऐकली नव्हती.

टेपची सळसळ, मग हार्मोनियमचा सूर, काळी एक. टाळ. तबला. कॅसेटवर खालचा आवाज फारसा नसेल असं मला वाटत होतं, पण होता. 'घे' स्वच्छ, गोल, आणि घिस्सा खालून वर अखंड.

बाबा पुढे झुकून ऐकत होते. दुसऱ्या अभंगाशी त्यांनी हात वर केला. "थांब. मागे घे जरा." मागे घेतलं. "ऐक. इथून डग्गा उतरलाय. त्या रात्री पाऊस होता, मांडव गळत होता, पुडी सैल पडली. मला वाजवताना कळलं होतं, पण अभंग चालू होता, हातोडी कुठे मारणार." मला ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा लावल्यावर आलं. 'घे' सव्वा-दीड हर्ट्झनेच खाली आला असेल, पण त्यात जरा पोकळपणा होता.

मग ते उठले, आपला डग्गा खुर्चीशी आणला, हातोडीने दोन घाव घातले आणि पुढच्या अभंगाला हळूच साथ धरली. आवाज थोडा कमी कर म्हणाले, तेवढा केला.

२ नोव्हेंबर, रविवार

ठरलेले आकडे कायमच्या मेमरीत लिहिले, जंपर परत लावला, वीज तीनदा बंद-चालू करून बघितली. वाटणी २०००, दोन्हीकडे २४ डीबीचा उतार. ट्वीटरला ४ सँपल उशीर. खालची ओढ ५५ पर्यंत. फळीची भरपाई २. ८२ वर उणे ५. हेच आकडे कागदावर लिहून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवले.

राहिलेलं : जाळीचं कापड, उजव्या पेटीच्या मागचं पॉलिश, आणि बाबांच्या मनगटाला झेपेल असं मोठं आवाजाचं बटण.